ऑक्टाव्हियाचं नॉकिंग : अर्धं खरं, अर्धं खोटं

कोल्हापूरहून एक दादा आपली स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३० घेऊन आमच्या भोसरीच्या गॅरेजला आले होते. एप्रिल महिना, दुपारी पारा चाळिशीच्या आसपास. तक्रार अशी की "गाडी पळतीया झकास, पण घाटात दाबली की खालनं रेती चाळल्यागत आवाज येतोय, आणि दोन-चार वेळा जोरात ओढली की मग तिचा दम जातोय." गाडीला दुसऱ्या एका ठिकाणी स्टेज २ फाइल (पॉवर वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये टाकतात ते सॉफ्टवेअर) टाकलेली, डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्टचा पाइप) बदललेला, इनटेक बदललेला. तिथे परत दाखवली तेव्हा त्यांना सांगितलं गेलं की काही नाही दादा, नॉक सेन्सर जास्तच नाजूक आहे, आम्ही सेटिंग केलंय, आता लॉगमध्ये (इंजिनच्या आकड्यांच्या नोंदीत) काही येणार नाही. आणि खरंच लॉगमध्ये काही येत नव्हतं.

मी पहिल्यांदा डायनोवर (गाडी जागेवर पळवून पॉवर मोजायच्या रोलरवर) गाडी चढवून लॉग घेतला तेव्हा स्क्रीनवर चारही सिलिंडरचं टायमिंग रिटार्ड, म्हणजे ठिणगी किती मागे ओढली ते, शून्य ते उणे दीड डिग्रीच्या मध्ये, म्हणजे बघणारा म्हणेल एकदम निरोगी इंजिन. पण मी नेहमी नॉकचा माइक ब्लॉकला चिमट्याने लावून कानाला हेडफोन घालूनच रन घेतो, आणि साडेचार हजार आरपीएमच्या पुढे कानात जो तडतडाट आला तो ऐकून मी रन तिथंच सोडला. लॉग स्वच्छ आणि कानात तडतड, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही. मग कोण खोटं बोलतंय ते शोधायलाच पाहिजे होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्लगने ठिणगी टाकली की आग एका बाजूने पसरत जाते, आणि ती पोचायच्या आधीच कोपऱ्यात उरलेलं मिश्रण दाब आणि उष्णतेने आपोआप पेटलं की सिलिंडरमध्ये दाबाच्या लाटा आपटायला लागतात, ते नॉकिंग. त्या लाटांचा सूर सिलिंडरच्या व्यासावर ठरतो. या २.० टीएसआय इंजिनचा बोअर ८२.५ मिलिमीटर, त्यावरून साधा हिशोब केला तर पहिला सूर साधारण ७ किलोहर्ट्झच्या आसपास पडतो, आणि ब्लॉकला बोल्टने आवळलेला नॉक सेन्सर असलीच कंपनं ऐकायला बसवलेला असतो. ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) काय करतो तर प्रत्येक सिलिंडरच्या पॉवर स्ट्रोकमध्ये एक ठरावीक खिडकी उघडून ऐकतो, नेहमीच्या गोंगाटापेक्षा आवाज ठरावीक पटीने वर गेला की त्या सिलिंडरचं टायमिंग मागे ओढतो. ही जी पट आहे ना, तिचं टेबल फाइलमध्ये असतं. आणि ते टेबल कुणीही बदलू शकतं.

मी फाइल वाचून काढली आणि ओरिजिनलच्या शेजारी लावून बघितली. तीन हजारापासून पुढच्या सगळ्या रकान्यांत ती पट वाढवून ठेवलेली. म्हणजे सेन्सर ऐकत होता पण ईसीयूला सांगून ठेवलं होतं की बाबा तू लक्ष देऊ नकोस. वर आणखी एक, इनटेक हवेचं तापमान वाढलं की टायमिंग कमी करणारं जे करेक्शन असतं तेही जवळपास शून्य केलेलं. पुण्या-कोल्हापूरच्या उन्हाळ्यात असली फाइल घेऊन गाडी घाटात चालवायची! मला राग आला, खरं सांगतो. ज्याच्या पैशाची गाडी आहे त्याला कळतसुद्धा नाही की आपल्या इंजिनचा राखणदार झोपवून ठेवलाय.

तर पहिलं काम, ते टेबल ओरिजिनलवर आणलं, तापमानाचं करेक्शनही परत घातलं, बाकी फाइल तशीच ठेवून परत रन. आता खरं चित्र आलं आणि ते भयानक होतं. २९०० ते ३१०० आरपीएममध्ये चारही सिलिंडर एकदम उणे ३ ते उणे ४, मग सगळे सावरतात, आणि ४५०० च्या पुढे एकटा चौथा सिलिंडर उणे ६ पर्यंत. दादा शेजारी उभे राहून स्क्रीन बघत होते, म्हणाले "आदी बरी हुती की ओ, तुमी हात लावल्यावर बिघडली." त्यांना खुर्चीवर बसवून चहा पाजून सगळं समजावून सांगितलं, हेडफोन त्यांच्या कानाला लावून एक छोटा रन ऐकवला, मग ते काही बोलले नाहीत.

आता इथं बरेच ट्यूनर सरळ टायमिंग खाली ओढतात आणि मोकळे होतात. मला ते पटत नाही. दोन वेगळ्या जागी, दोन वेगळ्या पद्धतीने रिटार्ड येतोय, म्हणजे कारणंही दोन असू शकतात, आणि चार सिलिंडर एकाच वेळी एकाच आरपीएमला सारखेच नॉक करतील हे मला संशयास्पद वाटलं. पारखायची सोपी रीत अशी की फक्त चाचणीपुरतं टायमिंग सगळीकडे ३ डिग्री कमी करायचं आणि बघायचं. नॉक खरं असेल तर ते कमी होणार, कारण दाबाचं शिखर पुढे सरकतं आणि उतरतं. कुठलातरी लोखंडी आवाज असेल तर त्याला टायमिंगशी काही घेणंदेणं नसतं. रन घेतला. चौथा सिलिंडर उणे ६ वरून उणे दीडवर आला. तीन हजारावरचा खड्डा जागचा हलला नाही. टाकीत १०० ऑक्टेन भरून पण बघितलं, तीच गोष्ट, वरचं सुधारलं आणि खालचं तसंच.

म्हणजे तीन हजारावरचं खोटं, साडेचार हजारावरचं खरं.

खोट्याचा माग काढायला माइक ब्लॉकवरून काढून डाउनपाइपच्या ब्रॅकेटला लावला. खऱ्या नॉकचा आवाज तीक्ष्ण, कोरडा, तडतडणारा असतो, हा आवाज बोथट होता, पत्र्यावर पत्रा वाजल्याचा. गाडी लिफ्टवर घेतली, बॅटरी मारून बघितलं तर गाडीच्या तळातल्या टनेलच्या हीट शील्डवर (उष्णता अडवणाऱ्या पत्र्यावर) नखाएवढा एक डाग घासून घासून चकचकीत झालेला, आणि बरोबर समोर डाउनपाइपच्या फ्लॅन्जची कड. उभ्या गाडीत दोघांत फट दिसते, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नसेल, पण टॉर्क आला की इंजिन माउंटवर कलतं आणि त्या आरपीएमला पाइप थरथरून शील्डला थडकतो. हा आवाज ब्लॉकमधून सेन्सरपर्यंत जातो आणि चारही सिलिंडरच्या खिडकीत ऐकू येतो. यात आणखी एक वाईट गोष्ट असते जी लोक विसरतात, असा गोंगाट सतत चालू राहिला की ईसीयूच्या दृष्टीने नेहमीच्या आवाजाची पातळीच वर जाते आणि मग खरं नॉक त्यात लपतं. म्हणजे खोटा आवाज बंद करणं हे काही नुसतं पॉवर परत मिळवायला नाही, सेन्सरला नीट ऐकू यावं म्हणून करायचं. क्लॅम्प सैल करून पाइप थोडा फिरवून बोटभर जागा करून परत आवळला, आणि हात लागलाच आहे तर नॉक सेन्सरचा बोल्टही टॉर्क रेंचने २० न्यूटन मीटरला तपासला, कारण तो कमी-जास्त आवळला तरी सेन्सर चुकीचं ऐकतो. तीन हजारावरचा खड्डा गायब.

राहिला चौथा.

इंजिन रात्रभर गार होऊ दिलं आणि सकाळी प्लग काढायला घेतले. एक, दोन, तीन नेहमीसारखे, रॅचेटला जोर द्यावा लागला. चौथ्याला रॅचेट लावला आणि तो मनगटाच्या नुसत्या हिसक्याने सुटला. हातात घेऊन बघितलं तर वॉशर धड दबलेलाच नाही, आणि बसण्याच्या जागेभोवती काजळीचा काळा ओघळ, म्हणजे तिथून गॅस बाहेर येत होता. भिंगाखाली पांढऱ्या पोर्सिलिनवर बारीक काळे ठिपके, आणि त्यात मध्येमध्ये चांदीसारखे चमकणारे सूक्ष्म मणी. हे मणी म्हणजे पिस्टनचं ॲल्युमिनियम. ते बघितल्यावर पोटात गोळा आला.

सैल प्लगचं नॉकशी काय, असं पोऱ्याने विचारलं आणि प्रश्न बरोबरच होता. प्लगच्या टोकाची उष्णता मुख्यतः आटे आणि बैठक यांतूनच हेडमध्ये जाते. बैठक घट्ट नसेल तर ती वाटच बंद, टोक तापत जातं, त्याच्या आजूबाजूचं मिश्रण तापतं, आणि त्या एकट्या सिलिंडरची नॉकची मर्यादा खाली येते. नशीब एवढंच की अजून टोक इतकं लाल होत नव्हतं की ठिणगीच्या आधीच पेटवेल, कारण तसं झालं असतं तर ते प्री-इग्निशन, आणि त्याला टायमिंग मागे ओढून काहीही फरक पडत नाही, पिस्टन वितळून मोकळा होतो.

बोअरस्कोप (बारीक कॅमेरा) आत सोडला. चौथ्या पिस्टनच्या कडेला बारीक टोचल्यासारखी खरबरीत पट्टी, पण कुठे तुकडा उडालेला नाही. लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये हवा भरून गळती मोजायची) घेतली, चौथा बाकीच्यांच्या बरोबरीत. दादांना फोटो दाखवून स्पष्ट सांगितलं की पिस्टनला मार लागलाय पण रिंगा अजून धरून आहेत, उघडायची गरज आज तरी नाही.

मग प्लग चारही नवीन, एक पायरी थंड, म्हणजे टोकाची उष्णता लवकर बाहेर काढणारे. इथे एक सांगून ठेवतो कारण यात फार गोंधळ होतो, एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड आणि बॉशमध्ये बरोबर उलटं, तेव्हा ब्रँड बदलताना नुसता आकडा बघून घेऊ नका. गॅप ०.६५ मिलिमीटर ठेवला, आणि प्रत्येक प्लग टॉर्क रेंचने. प्लगच्या आवळणीला आजही आपल्याकडे 'हाताचा अंदाज' चालतो, अनुभवी माणसाचा अंदाज बऱ्याचदा बरोबर असतो हेही खरं, पण ॲल्युमिनियम हेड आणि दीड बार बूस्ट (टर्बोचा दाब) म्हटल्यावर मी अंदाजावर सोडत नाही.

यानंतर फाइल. कॉम्प्रेशन ९.६ ला १, त्यावर टर्बो, आणि पुणे-कोल्हापूर दोन्ही समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास. ईसीयू दाबाचं टार्गेट ॲब्सोल्यूट धरतो (बाहेरच्या हवेचा दाब धरून एकूण), त्यामुळे बाहेरची हवा विरळ असली की तेच टार्गेट गाठायला टर्बोला जास्त राबावं लागतं आणि हवा आणखी तापते. आधीच्या फाइलमध्ये बूस्ट मधल्या रेंजला १.५ बार आणि लॅम्डा (हवा-इंधनाचं प्रमाण, १ च्या जितकं खाली तितकं पेट्रोल जास्त) ०.९२. मी बूस्ट १.३५ वर आणला, वरच्या आरपीएमला उतरता ठेवला, लॅम्डा ०.८५ केला कारण जास्तीचं पेट्रोल आतली उष्णता ओढून घेतं, आणि टायमिंग फक्त पीक टॉर्कच्या आसपास २ डिग्री कमी केलं. सगळीकडे नाही. जिथं सिलिंडर सगळ्यात जास्त भरतो तिथं नॉक येतं, रेडलाइनजवळ पिस्टन इतक्या वेगात खाली जातो की मिश्रणाला आपोआप पेटायला वेळच कमी मिळतो, तिथलं टायमिंग उगाच कापलं तर पॉवर जाते आणि एक्झॉस्टचं तापमान वाढून टर्बो भाजतो ते वेगळंच.

मध्येच दादांनी विचारलं की हे ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमुळे तर नसेल? हल्ली रोज कुणीतरी विचारतं. इथेनॉलचं ऑक्टेन पेट्रोलपेक्षा जास्त असतं आणि बाष्प होताना ते जास्त गारवा देतं, त्यामुळे नॉकचा दोष त्याच्यावर टाकणं चूक आहे. त्याचा प्रश्न वेगळा, तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं, म्हणून ट्यून केलेल्या गाडीत फुल लोडला इंधनाचा हाय प्रेशर पंप पुरतोय का ते रेल प्रेशरच्या (इंजेक्टरला मिळणाऱ्या इंधनाच्या दाबाच्या) लॉगमध्ये बघावं लागतं. यांच्या गाडीत पुरत होता.

डायनोचं सांगतो. आधीची फाइल आली तशी पहिल्या रनला २८१ हॉर्सपॉवर दाखवत होती आणि लागोपाठ तिसऱ्या रनला २५२, कारण इंटरकूलर (टर्बोतून आलेली हवा गार करणारा) तापून इनटेक तापमान ७० च्या पुढे जात होतं. माझी फाइल पहिल्या रनला २७४, तिसऱ्याला २६८. दादांचा चेहरा पडला, त्यांना ३०० ऐकायचे होते, मित्रांना सांगितलेले होते. मी म्हटलं दादा, तुम्ही अंबा घाटात पहिला रन घेता की तिसरा? घाटात सगळे रन तिसरेच असतात. ते हसले, पण आकड्याची हळहळ होतीच, आणि मला ती समजते, हौसेची गाडी आहे. फक्त आकड्यासाठी सेन्सर बहिरा करणारी फाइल मी कुणालाही देणार नाही, मग गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

जाताना एवढं बजावलं की ९५ च्या खालचं पेट्रोल भरायचं नाही, सहाव्या गियरला पंधराशे-अठराशे आरपीएमवर पाय पूर्ण दाबायचा नाही, तिथं वेगळ्याच जातीचं, एका दणक्यात रिंग लँड (पिस्टनवरची दोन रिंगांमधली कड) मोडणारं प्री-इग्निशन होऊ शकतं, आणि तेल बदलताना डब्यावर एपीआय एसपी लिहिलेलं बघूनच घ्यायचं, कारण त्या ग्रेडची चाचणी याच प्रकारासाठी घेतलेली असते.

काही आठवड्यांनी त्यांनी अंबा घाटातला लॉग पाठवला. इनटेक तापमान ६२, चौथा सिलिंडर जास्तीत जास्त उणे ०.७५, बाकी तिघे शून्य. मोठा इंटरकूलर घ्यायचं त्यांनी नक्की केलंय. तो बसला की फाइल परत उघडेन आणि कापलेल्या २ डिग्रीतली एखादी परत देता येते का बघेन, त्याच्या आधी चौथ्याचा प्लग काढून परत एकदा भिंगाखाली धरणार आहे.