देकार्तची व्याख्या, स्पिनोझाची बेरीज

डच तत्त्वज्ञ स्पिनोझाने त्याच्या आधीच्या फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तला खोडून काढलं असं सर्रास लिहिलं जातं. खरं तर त्याने देकार्तला त्याच्याच शब्दात पकडलं.

१६४४ च्या ‘तत्त्वज्ञानाची मूलतत्त्वे’ या ग्रंथात (भाग १, कलम ५१) देकार्त म्हणतो, असण्यासाठी ज्याला दुसऱ्या कशाचीच गरज नाही ते द्रव्य. पाठोपाठ कबुलीही देतो की या अर्थाने द्रव्य एकच, ईश्वर. मन आणि जडवस्तू यांना केवळ ईश्वराचाच आधार लागतो, म्हणून त्यांनाही सवलतीत द्रव्य म्हणायचं. १६७७ मध्ये, स्पिनोझाच्या मृत्यूनंतर छापल्या गेलेल्या ‘नीतिशास्त्रा’त ही सवलत रद्द होते. मन आणि शरीर त्या एकाच द्रव्याचे प्रकार, म्हणजे त्याच्याच अवस्था, ठरतात. विचार आणि विस्तार (जागा व्यापणं) ही देकार्तचीच गुणलक्षणं, म्हणजे द्रव्याचं सार सांगणारे गुण, पण आता दोन्ही ईश्वराची. अशरीरी मन शरीराला हलवतं कसं, हा बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिने १६४३ मध्ये देकार्तला विचारलेला प्रश्नही मग उरत नाही. मन आणि शरीर ही एकच गोष्ट, दोन गुणलक्षणांतून दिसणारी (भाग २, विधान ७ ची टीप).

इथे बरेच वाचक थेट अद्वैतावर उडी मारतात. ती घाई आहे. स्पिनोझाचे प्रकार मिथ्या नाहीत, ते द्रव्यातून अटळपणे निघतात.

खरी मेख भाग १ च्या विधान ५ मध्ये आहे. एकच गुणलक्षण असलेली दोन द्रव्यं असू शकत नाहीत, असं ते सांगतं. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझने आक्षेप घेतला: एका द्रव्यात क आणि ख, दुसऱ्यात ख आणि ग असतील तर? ख सामाईक, तरी द्रव्यं वेगळी. प्रत्येक द्रव्याला एकच मुख्य गुणलक्षण, हा देकार्तचा नियम (कलम ५३) धरला तर आक्षेप गळून पडतो. पण स्पिनोझाला तो नियम धरता येत नाही, कारण त्याच्या ईश्वराला अनंत गुणलक्षणं आहेत. जितकी सत्ता अधिक तितकी गुणलक्षणं अधिक, असं तो विधान ९ मध्ये म्हणतो आणि सिद्धतेसाठी नुसतं व्याख्या ४ कडे बोट दाखवतो. त्या व्याख्येत गुणलक्षणांच्या संख्येबद्दल अक्षर नाही. विधान १४, म्हणजे ईश्वराखेरीज दुसरं द्रव्य नाही हा निष्कर्ष, मात्र विधान ५ वरच उभा आहे.