सात टक्के सोडून साडेचार कशाला?

मुलगी आठवीत गेली आणि घरात ‘पुढे एमएस’ हा विषय सुरू झाला. जून २०२४ची गोष्ट. फी भरायची डॉलरमध्ये आणि साठवतोय रुपये, हे मला खटकायला लागलं. वहीत दोन रकाने आखले, भारत आणि अमेरिका.

आपला दहा वर्षांचा सरकारी रोखा, म्हणजे सरकारला दहा वर्षांसाठी दिलेलं कर्ज, सात टक्क्यांच्या आसपास व्याज देणारा, तिकडचा साडेचारच्या आत-बाहेर. बायको म्हणाली, “मग विचार कसला करतोयस?” मग मी दहा वर्षांपूर्वीचा डॉलर शोधला. २०१४च्या मध्याला साठ रुपये, आता साडेत्र्याऐंशी. म्हणजे वर्षाला सव्वातीन-साडेतीन टक्के रुपयाच घसरलेला. ते साडेचारात मिळवल्यावर मधली दरी बुजलीच. पुढची दहा वर्षं अशीच जातील असं नाही, पण फी डॉलरमध्येच भरायची असल्याने माझ्यापुरतं उत्तर मिळालं: थोडं इथे, थोडं तिथे, आणि तिथे रोख्यांबरोबर थोडे शेअरही.

इथलं काम सोपं निघालं. रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्टवर, म्हणजे सामान्य माणसाला थेट सरकारी रोखे घेता येतात त्या संकेतस्थळावर, घरबसल्या खातं उघडलं आणि शुक्रवारच्या लिलावात ‘७.१० टक्के २०३४’ (वर्षाला ७.१० टक्के व्याज, २०३४मध्ये मुद्दल परत) हा रोखा मागितला. किमान १०,००० रुपये. भाव आपण सांगायचाच नाही, जो ठरेल तो.

तिथलं काम सुरू झालं बँकेच्या काउंटरवर. परदेशी पैसे पाठवताना ए२ फॉर्ममध्ये कारणाचा कोड लागतो. मी बोलता बोलता “मुलीच्या शिक्षणासाठी” म्हणालो आणि पलीकडच्या माणसाने शिक्षणाचा कोड टाकून टाकला! शेअरसाठी एस ०००१, रोख्यांसाठी एस ०००२ हवा होता. नशीब, सही करण्याआधी वाचलं. फॉर्म फाडून पुन्हा सगळं लिहिलं. दोन खेपा झाल्या. रक्कम सात लाखांच्या आत ठेवली होती. तेव्हा त्यावरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे बँकेने आगाऊ घेतलेला कर, कापत. तो रिटर्नमध्ये वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो.

ब्रोकरकडे डब्ल्यू-८बेन, म्हणजे ‘मी अमेरिकेचा करदाता नाही’ असं सांगणारा फॉर्म, भरला. त्यामुळे लाभांशावर ३०ऐवजी २५ टक्के कापतात. सरकारी रोख्याच्या व्याजावर मात्र तिकडे कपात नाही, इथे स्लॅबप्रमाणे कर भरायचा. रोख्याचा भाव ९८-१६ दिसला तेव्हा मी तो ९८ डॉलर १६ सेंट असा वाचला. तिकडे बत्तिसाव्या भागात मोजतात म्हणे. ९८ आणि १६/३२, म्हणजे साडेअठ्ठ्याण्णव!

शेअरचं फार डोकं लावलं नाही. निफ्टीत जवळपास तिसरा हिस्सा बँका-वित्तकंपन्यांचा, तर अमेरिकेतल्या पाचशे मोठ्या कंपन्यांच्या एस अँड पी ५०० निर्देशांकात साधारण तेवढाच तंत्रज्ञानाचा. एकमेकांची नक्कल नाही, एवढं मला पुरलं. तिकडचा बाजार उन्हाळ्यात आपल्या संध्याकाळी सातला उघडतो, म्हणजे जेवणाच्या आधी ऑर्डर टाकून मोकळं. आणि एक गंमत: विकल्यावर दुसऱ्या दिवशी व्यवहार पूर्ण होणं आपल्याकडे जानेवारी २०२३पासून सगळीकडे आहे, त्यांच्याकडे मे २०२४मध्ये आलं.

मला खरा धसका बसला तो वारसाकराचा. तिथला नागरिक किंवा रहिवासी नसलेल्या माणसाच्या नावावर तिकडच्या कंपन्यांचे ६०,००० डॉलरच्या वर शेअर असले आणि तो गेला, तर ४० टक्क्यांपर्यंत कर लागू शकतो. सरकारी रोख्यांना यातून सूट. हे बायकोला सांगितल्यावर तिने वहीत लाल पेनाने ६०,००० लिहून वर दोन रेघा मारल्या. आमचा आकडा त्याच्या जवळपासही नाही, पण रेघा तशाच आहेत.

रिटर्न भरताना आयटीआर-१ बाद, आयटीआर-२ आला. परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, शेड्यूल एफएमध्ये, वर्ष एप्रिल-मार्च नव्हे, जानेवारी-डिसेंबर धरायचं. मी ३१ मार्चचे भाव काढून बसलो होतो. रविवार गेला. वर लाभांशावर तिकडे कापलेला कर इथल्या करातून वळता व्हावा म्हणून फॉर्म ६७ वेगळा. आता ३१ डिसेंबरला रात्री भाव आणि स्टेट बँकेचा डॉलरचा दर वहीत टिपून ठेवतो, मगच बाकीचे नव्या वर्षाचं बघतात.