स्पीच थेरपीच्या मास्टर्सनंतर अमेरिकेत पगार किती, हे विचारणाऱ्यांसाठी

मुंबईच्या नायर, अली यावर जंग नाहीतर पुण्याच्या भारती विद्यापीठातून बीएएसएलपी (स्पीच थेरपी आणि ऑडिओलॉजीची पदवी) करणाऱ्या मुलींचे मेसेज अ‍ॅडमिशनच्या सीझनला सुरू होतात, ताई अमुक युनिव्हर्सिटीतून पास झालेल्यांची कमाई जास्त दिसतेय, फी पण जास्त आहे, घेऊ का? हा आकडा बहुतेक वेळा कॉलेज स्कोअरकार्डवरचा असतो. साइट अमेरिकेच्या शिक्षण खात्याची आहे, आकडे खरेच आहेत, पण त्यात फक्त सरकारी कर्ज किंवा मदत घेतलेले विद्यार्थी धरतात, आणि एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांना ती मदत मिळतच नाही. म्हणजे आपल्या मुली त्या हिशोबात नाहीतच!

शिवाय पास झाल्यानंतरचं पहिलं वर्ष म्हणजे सीएफ, क्लिनिकल फेलोशिप. प्रॅक्सिस या परीक्षेत पास होण्यापुरते १६२ मिळाले तरी किमान ३६ आठवडे आणि १,२६० तास मेंटरच्या देखरेखीखाली काम करायचं, मग सीसीसी, म्हणजे आपल्या व्यवसायाचं प्रमाणपत्र. पगार मिळतो, पण बऱ्याच ठिकाणी जरा कमीच.

मे २०२४ च्या सरकारी आकडेवारीत सगळ्या एसएलपींचा (स्पीच थेरपिस्टचा) मध्यम पगार, म्हणजे निम्म्यांना त्याहून जास्त आणि निम्म्यांना कमी, वर्षाला ९५,४१० डॉलर होता. त्यात नर्सिंग होम आणि हॉस्पिटलवाले वर, शाळांमधले खाली. मी टेक्सासमध्ये शाळेत आहे, इथे स्कूल डिस्ट्रिक्टचा (भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेचा) पगाराचा तक्ता ठरलेला असतो, किती वर्षं काम केलं ते बघतात, मास्टर्स कुठून केलं हे त्या तक्त्यात कुठेच नाही. महागड्या खाजगी युनिव्हर्सिटीतून आलेली आणि साध्या स्टेट युनिव्हर्सिटीतून आलेली, दोघी एकाच पायरीवर. म्हणून मला मनापासून वाटतं की नावासाठी घरच्यांच्या डोक्यावर जास्तीचं कर्ज चढवू नका, कोर्सला मान्यता आहे ना एवढं आधी बघा.

नर्सिंग होमचा आकडा बघूनही हुरळून जाऊ नका. तिथे बऱ्याच जणी तासावर असतात, पेशंट कमी झाले की लवकर घरी पाठवतात, आणि दिवसातला जवळपास सगळा वेळ बिल होईल असाच पाहिजे, नोट्स लिहायच्या कधी? ऑक्टोबर २०१९ मध्ये मेडिकेअरने (ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याने) नर्सिंग होमना थेरपीच्या मिनिटांवर पैसे देणं बंद करून पेशंटच्या स्थितीवर द्यायला सुरुवात केली, तेव्हा कित्येक थेरपिस्टचे तास कापले गेले, काहींच्या तर नोकऱ्याच गेल्या.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट व्हिसा. आपला कोर्स स्टेममध्ये (विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीत) धरत नाहीत, त्यामुळे इंजिनिअर मुलांसारखी वरची दोन वर्षं नाहीत, ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर विद्यार्थी व्हिसावरच काम करायची परवानगी, एकच वर्ष, आणि त्यातला बराचसा भाग सीएफमध्येच जातो. तेवढ्यात एच-१बी (नोकरीचा व्हिसा) करायला तयार असलेला एम्प्लॉयर हवा, व्हिसास्क्रीन सर्टिफिकेट (परदेशी आरोग्य कर्मचाऱ्यांना व्हिसासाठी लागणारं) हवं, अमेरिकेत शिकलात तरी ते लागतंच. एच-१बीच्या लॉटरीतून सूट असलेली युनिव्हर्सिटीची हॉस्पिटलं जमली तर उत्तम, भले पगार दोन पैसे कमी असो.

तेव्हा डिपार्टमेंटला मेल करताना सरासरी पगार विचारू नका, मागच्या काही बॅचमधल्या इंटरनॅशनल मुलींना सीएफ कुठे मिळाली आणि कोणी स्पॉन्सर केलं ते विचारा, जमलं तर त्यांच्यातल्या एकीशी फोनवर बोला.