कोपराला बांधलेली फूटपट्टी

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी शाळेविषयी लिहायला बसलो आणि लिहून झाले ते पी.टी.च्या सरांविषयी, संपादक मंडळाने सांभाळून घ्यावे.

१९९४ साली, नववी 'ब'मध्ये असताना, शनिवारच्या कवायतीनंतर सरांनी आम्हाला हॉलमध्ये नेऊन एका गोणपाटाच्या माणसाभोवती बसवले. प्रात्यक्षिकाचा पुतळा शाळेला परवडणारा नव्हता, म्हणून त्यांनी गोणीत भुसा भरून, छातीच्या जागी फुटबॉलचे ब्लॅडर दडवून, वरून आपलाच जुना खाकी शर्ट चढवला होता. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती कशी दाबायची, ते त्याच्यावर शिकायचे होते. बरगड्या मिळतात तिथून दोन बोटे वर तळहाताचा मनगटाजवळचा भाग, त्यावर दुसरा हात, १५ दाब आणि तोंडाला तोंड लावून दिलेले २ श्वास, असा तेव्हाचा नियम होता. माझे कोपर दर वेळी वाकत असे. सर रागावले नाहीत, त्यांनी लाकडी फूटपट्टी आणून स्काउटच्या रुमालाने माझ्या कोपराला बांधली आणि म्हणाले, "दंडाच्या जोरावर नको, अंगाचा भार टाक." तिसऱ्या फेरीला माझा घाम त्या शर्टावर टपकू लागला, तेव्हा कुठे ब्लॅडर सरांच्या मनासारखे दबले. हसणाऱ्यांपैकी चौघांना नंतर तीच पट्टी बांधावी लागली, हेही इथे नोंदवून ठेवतो.

पुढे मी भूलतज्ज्ञ झालो. माझ्या हाताखालचा पहिला रुग्ण वाचला नाही; पण कोपर वाकले नव्हते, एवढे आठवते.

२००५ साली नियम बदलून ३० दाबांना २ श्वास झाले, तेव्हा निवृत्त सरांना घरी जाऊन सांगितले. "म्हणजे इतकी वर्षे मी पोरांना चुकीचे शिकवले?" असे म्हणून ते गप्प झाले. दाबणे थांबले की मेंदूकडे जाणारे रक्तही थांबते, म्हणून खंड कमी केला आहे, हे समजावल्यावर त्यांनी वही मागवून १५चा आकडा स्वतः खोडला. २०१७ साली इंडियन रिससिटेशन कौन्सिलने, म्हणजे हृदय बंद पडलेल्यांना वाचवण्याचे नियम आखणाऱ्या संस्थेने, सामान्य माणसासाठी श्वास वगळून, प्रौढांची नुसती छाती दाबण्याची पद्धत आखली; ते सांगायला सर राहिले नव्हते.

आता शाळेत याची चित्रफीत दाखवतात, असे कळले. मिनिटाला १०० ते १२० दाब, तेही किमान ५ सेंटिमीटर खोल, हे पाहून येत नाही. गुडघे टेकावे लागतात. हॉलमध्ये संगणक आले आहेत, तर व्हरांडाही चालेल. मुख्याध्यापकांनी नववीचे दोन शनिवार द्यावेत. पुतळे मी आणीन.