पॉट्सडॅमची टेलिग्राफेनबर्ग टेकडी: बर्लिनला गेलात तर अर्धा दिवस इथं काढाच

बर्लिनला आलेले आपले लोक पॉट्सडॅमला जातात ते सान्सूसी राजवाडा बघायला आणि संध्याकाळी परत. पण पॉट्सडॅम स्टेशनच्याच दक्षिणेला झाडीत टेलिग्राफेनबर्ग नावाची टेकडी आहे, तिथं हवामान बदलावर काम करणारी पॉट्सडॅम इन्स्टिट्यूट आहे, सगळे तिला पीआयके म्हणतात. मी मराठवाड्यातली, पावसाची वाट बघण्यातच लहानपण गेलं, त्यामुळे मला ही जागा बघायचीच होती.

जायचं कसं ते आधी सांगते. बर्लिनच्या मुख्य स्टेशनवरून रिजनल ट्रेनने अर्ध्या तासाच्या आत पॉट्सडॅम, एस 7 लोकलने थोडा जास्त वेळ. तिकीट एबीसी झोनचं घ्या, एबीचं चालत नाही, आणि कागदी तिकीट असेल तर चढायच्या आधी मशीनमध्ये पंच करा. पुढे 691 नंबरची बस वर जाते पण फेऱ्या कमी, अ‍ॅपवर बघूनच थांबा, नाहीतर सरळ चालत जा, वीसेक मिनिटांचा चढ आहे आणि रस्ता सावलीचा. दिवसा आवारात फिरू देतात. इमारतींच्या आत मात्र असंच जाता येत नाही, आत बघायचं असेल तर पॉट्सडॅमचा विज्ञान दिवस असतो त्याची तारीख आणि जागा बघून ट्रिप ठरवा, तो दरवर्षी वेगळ्या कॅम्पसवर होतो.

वर गेल्यावर सगळे आधी आइनस्टाइन टॉवरकडे पळतात. एरिक मेंडेलसोनने बांधलेली सौर दुर्बिणीची पांढरी इमारत, एकही कोपरा टोकदार नाही, काँक्रीटची वाटते पण बरीचशी विटांची आहे. दारासमोर जमिनीत पितळी रंगाचा छोटासा मेंदू बसवलाय, खाली बघून चाललात तरच दिसतो.

पण फोटो काढून लगेच परत फिरू नका, खरी गोष्ट पुढेच आहे. तीन घुमटांची पिवळ्या विटांची जुनी वेधशाळा आहे ना, तिच्या तळघरात 1881 मध्ये मायकेल्सन या भौतिकशास्त्रज्ञाने प्रकाशाचा वेग दिशेप्रमाणे बदलतो का हे बघणारा प्रसिद्ध प्रयोग पहिल्यांदा केला, कारण बर्लिनमध्ये रहदारीच्या हादऱ्यांनी उपकरण स्थिर राहत नव्हतं. आज त्याच इमारतीत पीआयकेचे लोक बसतात. 1992 मध्ये हान्स योआखिम शेलनहुबर या भौतिकशास्त्रज्ञाने संस्था सुरू केली, आणि 2018 मध्ये ती दोघांकडे मिळून दिली, योहान रॉकस्ट्रॉम पृथ्वी किती ताण सोसू शकते त्या मर्यादांवर काम करणारे आणि ओटमार एडेनहोफर अर्थतज्ज्ञ. मला हे फार पटलं, कारण पाऊस किती पडेल हे फिजिक्सवाला सांगेल, त्यावर पीक किती येईल हे संगणकावर शेतीचं मॉडेल चालवणारा सांगेल, पण त्यातून धान्याचं आणि कोळशाचं काय होणार हे अर्थशास्त्राशिवाय कळत नाही. ही माणसं एका आवारात, एका जेवणाच्या टेबलावर असली तरच प्रश्न नीट विचारले जातात असं मला मनापासून वाटतं.

आपल्या मान्सूनवर इथं बरंच काम होतं. 2021 च्या अभ्यासात पीआयकेच्या लोकांनी तीसपेक्षा जास्त हवामान मॉडेल तपासली, तर तापमान एक अंशाने वाढलं की मान्सूनचा पाऊस साधारण 5 टक्क्यांनी वाढतो, आणि एका वर्षी धो धो, दुसऱ्या वर्षी कोरडं, हा चढउतारही वाढतो. दुसऱ्या एका गटाने पूर्व घाट आणि उत्तर पाकिस्तानातलं तापमान आणि आर्द्रता बघून मान्सून कधी पोचेल ते महिनाभराहून आधी सांगायची पद्धत काढली. पेरणी कधी करायची हा प्रश्न ज्याच्या घरात दरवर्षी येतो त्याला याची किंमत वेगळी सांगायला नको.

2015 मध्ये झालेली नवी इमारत वरून तीन पानांच्या क्लोव्हरसारखी, बाहेरून लाकडी, आणि सुपरकॉम्प्युटरची उष्णता वाया न घालवता तीच हीटिंगला वापरतात. हिवाळ्यात गेलात तर मुद्दाम बघा.

सगळ्यात जास्त वेळ मी थांबले ती हवामान केंद्राच्या गवताळ मैदानाशी. पांढऱ्या झडपांच्या पेट्या, पर्जन्यमापक, बाकी काही नाही. 1893 पासून इथं रोज नोंद होतेय, दोन महायुद्धं झाली तरी खंड नाही. एवढी सलग नोंद असेल तरच तापमान वाढलं की नाही यावर कोणी वाद घालू शकत नाही, मॉडेलवाल्यांनाही शेवटी इथंच यावं लागतं. कुंपणाच्या बाहेरूनच बघा, आत पाऊल टाकू नका.

पाण्याची बाटली आणि खायला काहीतरी स्टेशनवरूनच घ्या, शनिवार-रविवारी वर काही मिळेल याच्या भरवशावर राहू नका. लहान मुलं असतील तर दोन तास धरा, एकटे असाल तर तीन. सान्सूसी त्याच दिवशी करायचं असेल तर टेकडी सकाळी उरका, कारण राजवाड्याच्या बागेत पाय दुखेपर्यंत चालावं लागतं.