वसंतात लावलेल्या लसणाला पाकळ्या का धरत नाहीत?

अमेरिका-कॅनडातल्या मराठी घरांतून मार्च-एप्रिलमध्ये एक प्रश्न हमखास येतो: 'बर्फ वितळला, आता लसूण लावू ना?' ऑगस्टमध्ये त्याच घरांतून दुसरा येतो: 'उपटला तर आत पाकळ्याच नाहीत, नुसता गोळा. बियाणं खराब होतं का?' तुम्ही विचारलंत म्हणून पुन्हा सांगते.

बियाणं चांगलं होतं, थंडी कमी पडली. गड्ड्यात पाकळ्या धरायला आधी 10 अंश सेल्सियसखाली सहा-आठ आठवडे जावे लागतात. ऑक्टोबरात लावलेल्या लसणाला ते जमिनीतच मिळतात. उशिरा लावलेल्याला दुसरा फटका दिवसाचा बसतो. दिवस मोठा झाला आणि माती तापली की रोप लहान असलं तरी गड्डा धरू लागतं. पाती कमी म्हणजे गड्डा लहान आणि त्यावरची सालंही कमी, कारण प्रत्येक पातीचा तळ हेच एक साल.

'मग फ्रीजमध्ये ठेवा,' असं मीच सांगत आले. चुकीचं नव्हतं, पण अर्धवट होतं. अख्खा गड्डा कागदी पिशवीत ठेवायचा. प्लॅस्टिकमध्ये ओल धरते, बुरशी येते. पाकळ्या लावायच्या दिवशीच सोडवायच्या. मुक्काम फार लांबला किंवा 4 अंशांखाली गेला, तर बाजूने फुटवे येऊन गड्डा वेडावाकडा होतो. हे मी तेव्हा सांगितलं नाही, आणि त्यात काहींचा वाफा फुकट गेला. एवढं सांभाळूनही शरद ऋतूतल्या लावणीची बरोबरी होईल, असं वचन आजही देत नाही.

तरी लावणारच असाल तर माती हातात भुसभुशीत होताक्षणी लावा. मऊ मानेचा (सॉफ्टनेक) वाण घ्या. कडक दांड्याच्या (हार्डनेक) वाणाला थंडी जास्त लागते. मोठ्या पाकळ्या, टोक वर, 5 सेंटिमीटर खोल, 15 सेंटिमीटर अंतरावर. नत्र सुरुवातीलाच द्या. गड्डा धरू लागल्यावर दिलं तर नुसती पात माजते. खालची दोन-तीन पानं वाळली की पाणी तोडा आणि दोन आठवड्यांनी काढा.

गोळे निघालेच तर टाकू नका. खायला चांगले असतात, आणि ऑक्टोबरात पुन्हा लावले तर पुढच्या उन्हाळ्यात त्यांचेच पाकळ्यांचे गड्डे मिळतात. ओला लसूणच हवा असेल तर मात्र वसंतात बिनधास्त लावा: लहान पाकळ्या, चार बोटं अंतर, सहा-आठ आठवड्यांत चटणीपुरती पात.