गाय कागलची, गोठा निपाणीचा आणि कानातला टॅग

आधी महत्त्वाचं सांगते. कोगनोळी नाक्यापलीकडनं, म्हणजे महाराष्ट्रातनं आमच्या कर्नाटकात, गाय आणणार असाल तर पैसे देण्याआधी तिच्या कानातला पिवळा टॅग कुणाच्या नावावर आहे ते बघा. बाजारातली पावती तुमच्या नावाची असली म्हणून टॅग तुमच्या नावावर होत नाही. हे आम्हाला ना हेड्यानं, म्हणजे जनावरांच्या दलालानं, सांगितलं ना बाजारात कुणी.

आमची एचएफ, म्हणजे होल्स्टिन संकरित गाय कागल तालुक्यातली. आणल्यावर थोड्याच दिवसांत ताप भरला, वैरण सोडली, खांद्यापुढं गाठ हाताला लागायला लागली. जनावरांच्या फिरत्या दवाखान्याच्या 1962 नंबरला फोन केला, गाडी गोठ्यापर्यंत आली, डॉक्टरनी रक्त काचेवर घेऊन तपासलं, गोचीड ताप निघाला म्हणजे थायलेरिया, बुपारव्हाक्वोनचं इंजेक्शन दिलं आणि गाय उठली. त्याबद्दल तक्रार नाही, उलट उपकारच.

पण तवा पोटात गोळा आलता, म्हणून विमा काढायचं ठरवलं. राष्ट्रीय पशुधन अभियानात 2024 पासून शेतकऱ्यानं हप्त्याच्या 15 टक्केच भरायचे आहेत, बाकीचं केंद्र आणि राज्य मिळून भरतं. मग कोण सोडेल? आधार, पासबुक, फ्रूट्सचा एफआयडी म्हणजे कर्नाटकातला शेतकरी नोंदणी नंबर, बाजारची पावती, सगळं पिशवीत घालून दवाखान्यात गेले.

आणि तिथंच अडलं. टॅगचा बारा आकडी नंबर कॉम्प्युटरवर टाकला तर मालक दुसराच, गाव दुसरं, राज्य दुसरं. डॉक्टरचा दाखला त्या नंबरावर, विमाही त्या नंबरावर, मग माझ्या नावानं कसं करायचं म्हणून कागद परत. पावती दाखवली तर म्हणे ही चालत नाही. मग काय चालतं? तर "साहेब नाहीत, अक्का, नाळे बर्री", म्हणजे उद्या या. दुसऱ्या दिवशी साहेब असायचे पण सर्व्हर नसायचा, सर्व्हर असला की म्हणायचे हे महाराष्ट्राचं आहे, तिकडंच जाऊन या. तिकडं गेलं की तिथला माणूस म्हणायचा गाय कर्नाटकात आहे, तिकडच्या दवाखान्यात विचारा. दोन्हीकडं तोच टॅग आणि तेच सरकारी रेकॉर्ड, आणि मधल्या मधे धारा सोडून मी हेलपाटे घालतेय. आजही आठवलं की डोकं तापतं.

त्यात एकानं सल्ला दिला, टॅग कापून टाका, पडला म्हणून सांगा, नवीन मारून देतो. मी सरळ नाही म्हटलं. लाळ्या खुरकुताची लस, लंपीची लस, आधीची वेतं, सगळं त्या नंबराखाली लिहिलेलं असतं, ते घालवून गाय नव्यानं जन्माला घालायची काय? शिवाय खोटं बोलून काढलेल्या विम्याचा क्लेम उद्या कोण देणार?

शेवटी हेड्याच्या मागं लागून जुन्या मालकाचा नंबर काढला. मामा भले माणूस. म्हणाले, "ताई, गाय विकली म्हणजे संपलं असं मला वाटलंतं, चला मी येतो." ते त्यांच्या गावच्या दवाखान्यात माझ्या बरोबर उभे राहिले, विकल्याचं सही करून दिलं, तिथल्या डॉक्टरनी तिकडनं नोंद सोडली, मग आमच्याकडं माझ्या नावावर चढली. मालक समोर आल्यावर काम झटक्यात झालं, आणि हे पहिल्याच दिवशी काउंटरवरनं सांगता आलं असतं. स्क्रीनवर स्वतःचं नाव बघितलं तवा मला तिथंच बसावंसं वाटलं, इतका जीव हलका झाला.

नंबर सांगण्याआधी टॅग ओल्या फडक्यानं पुसा. शेण वाळलं की 3 आणि 8 सारखेच दिसतात, आमचा एकदा त्यानंच चुकीचा टाकला गेला. गायीचं तोंड, टॅग आणि तुम्ही, तिन्ही येतील असा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. टॅग खरोखर पडला तर लगेच दवाखान्यात आणि विमा कंपनीला कळवा, कारण टॅग नाही तर क्लेम नाही हा नियम बहुतेक कंपन्या धरतात. आणि पॉलिसी काढल्या दिवशीच निर्धास्त होऊ नका, आजारानं जनावर गेलं तर सुरुवातीचे 15 दिवस साधारणपणे धरत नाहीत.

हां, गोचिडाचं राहिलं. नुसत्या गायीला औषध लावून भागत नाही, गोचिडं भिंतीच्या फटीत अंडी घालतात, तिथंही फवारा आणि फटी लिंपून घ्या. संकरित गायींना हा ताप जास्त जड जातो. बाहेरनं आणलेली गाय थोडे दिवस वेगळी बांधा, तापात असेल तर लस टोचून घेऊ नका, आधी डॉक्टरला ताप बघू दे, 101 ते 102 फॅरेनहाइट ठीक असतो, 104 च्या वर गेला तर वाट बघत बसू नका.

विम्याच्या कागदावर आपलं नाव आधारवर आहे तसंच आहे का तेवढं काउंटर सोडण्याआधी वाचून घ्या, आमच्या भागात कानडीतनं मराठी आडनाव लिहिताना एखादं अक्षर हमखास बदलतं.